डिस्चार्जच्या आधीचे आठ दिवस

ताई, नमस्कार. माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. बाविसाव्या वर्षी, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना त्याला मॅनियाचा, म्हणजे बेफाम उत्साहाचा, पहिला झटका आला आणि बायपोलर, म्हणजे मूड दोन टोकांना जाण्याचा आजार, असं निदान झालं. तेव्हा तो पार्टीत एखादी बिअर घ्यायचा, तेवढंच. गेली आठ-नऊ वर्षं मात्र रोज पितो. गोळ्या कधी घेतो, कधी नाही. या महिन्यात पुन्हा सुरू झालं. चार रात्री झोप नाही, दुकानातला माल निम्म्या किमतीत वाटून टाकला. शेवटी मानसोपचार वॉर्डात दाखल केलं. डॉक्टरांनी दारूचं विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "कधीतरी घेतो." मीही गप्प बसले. तिसऱ्या रात्री तो थरथरायला लागला, घामाने भिजला, भिंतीवर मुंग्या चालल्यात म्हणून हाताने पुसत होता. डॉक्टर आमच्यावर चिडले. आता तो सावध आहे, मूड स्थिर ठेवणारं लिथियम सुरू आहे. आठ दिवसांनी सोडणार म्हणतात. "दारूसाठी नंतर व्यसनमुक्ती केंद्रात न्या," असं सांगितलंय. केंद्राला फोन केला तर ते म्हणतात, "डोक्याच्या गोळ्या चालू असलेला पेशंट आम्ही घेत नाही, आधी ते बरं करून आणा." मामा म्हणतात, हे सगळं दारूनेच झालंय, गोळ्या कशाला? आईला जाहिरातीतली पावडर भाजीत मिसळायची आहे. भाऊ म्हणतो, मी काय बेवडा नाही, मी कुठंही जाणार नाही. आधी काय करायचं?
— एक बहीण, सातारा जिल्हा

तुमचं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा डोळ्यांसमोर आला तो केसपेपर. दाखल करतानाच्या पानावर खाली एक ओळ असते, दारू-तंबाखूची. एकवीस वर्षं मी मानसोपचार वॉर्डात समाजसेवा अधीक्षक होते. त्या ओळीत "कधीतरी" हा शब्द मी इतक्या वेळा वाचलाय की पुढे पुढे तो वाचला की मी थेट पेशंटच्या हातांकडे बघायची. चहाचा कप बशीवर किणकिणतोय का, ते ऐकायची. आईने "कधीतरी" म्हटलं म्हणून तिच्यावर रागावू नका. वेडाचा शिक्का एकदा बसलेला असताना त्यावर बेवड्याचाही बसू नये, एवढंच तिच्या मनात असणार.

आता तुमचा प्रश्न. आधी काय? दोन्ही एकदम, आणि याच अ‍ॅडमिशनमध्ये. भावाचा मूड सावरतोय, अंगातून दारू उतरलीय, समोर रोज डॉक्टर येतात आणि गेटवर वॉचमन आहे. असे आठ दिवस त्याच्या गेल्या आठ वर्षांत आले नसतील. ते नुसते जेवण, गोळी आणि झोप यांत घालवून "पुढचं पुढे बघू" करू नका. वॉर्ड म्हणतो दारूचं केंद्रात, केंद्र म्हणतं डोक्याचं वॉर्डात, आणि मधल्या रस्त्यावर परमिट रूम असते.

हे मी उगाच बोलत नाही. आमच्या वॉर्डातून एका शनिवारी एक जण बरा होऊन सुटला. छान बोलत होता, सिस्टरांच्या पाया पडला. खिशात फॉलोअपचं कार्ड, त्यावर तीन आठवड्यांनंतरची तारीख. दारूबद्दल आम्ही त्याला एकच गोष्ट सांगितली होती : "आता पिऊ नका हं." स्टँडवर गाडीला दीड तास होता. सोमवारी तो परत आमच्याकडेच आला, डोक्याला टाके घालून, खिशात तेच कार्ड चुरगळलेलं. चूक त्याची किती आणि आमची किती, हा हिशेब मी बरीच वर्षं करत होते. बराच भाग आमच्या नावावर जातो.

दोन्ही आजार एकत्र असणं म्हणजे तुमच्या घरावर काही जगावेगळं संकट आलंय असं नाही. अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत टाइप वनच्या, म्हणजे पूर्ण मॅनिया येणाऱ्या, बायपोलर रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना आयुष्यात कधी ना कधी दारूचाही आजार झालेला आढळला होता. आपल्याकडे २०१९च्या केंद्र सरकारच्या अहवालात दुसरा आकडा आहे, तोही ऐकून ठेवा : दारूचं अवलंबित्व असलेल्या दर ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाले होते, आणि दाखल होऊन उपचार मिळालेला १८० मागे एक. तुमचा भाऊ या घडीला दाखल आहे. कारण वेगळं असेल, पण खाट तर मिळालीय.

आता त्या तिसऱ्या रात्रीबद्दल. तुम्ही लिहिलंय, "डॉक्टर आमच्यावर चिडले." ते का चिडले, हे कळलं की पुढचं सोपं जाईल. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, घाम येतो, छातीत धडधडतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींचं भानच हरपतं. दिवस-रात्र कळत नाही, अंगावर किडे-मुंग्या दिसतात. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास माणूस दगावू शकतो. इतर वॉर्डांत हे लवकर लक्षात येतं. मानसोपचार वॉर्डात मात्र भास होणारा, रात्रभर जागा, बडबडणारा पेशंट म्हणजे "आजार वाढला" असं समजलं जाण्याचा धोका असतो. मग भासांचं औषध वाढवलं जातं. त्यातल्या काही औषधांनी फिट येण्याची शक्यता उलट वाढते. तिथे गरज असते लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडसारख्या औषधाची, ठरवून कमी करत नेलेल्या डोसात, आणि थायमिनच्या इंजेक्शनची. थायमिन म्हणजे बी-वन जीवनसत्त्व. पिणाऱ्याच्या शरीरात ते इतकं खालावलेलं असतं की ते न देता नुसती ग्लुकोजची बाटली चढवली तर मेंदूला इजा होऊ शकते. माणूस भेलकांडत चालतो, डोळे नीट फिरत नाहीत, आठवण कायमची जाऊ शकते. "कधीतरी" या एका शब्दामुळे डॉक्टरांच्या हातून हे सगळं निसटता निसटता राहिलं. म्हणून ते चिडले.

तेव्हा उद्या राउंडच्या आधी त्यांना गाठा आणि खरं सांगा. "खूप पितो" असं सांगू नका, त्याला अर्थ नाही. मोजून सांगा. क्वार्टर म्हणजे १८० मिली. व्हिस्की-रमची असेल तर तेवढ्यात जवळपास ६० ग्रॅम शुद्ध दारू असते. रोज किती क्वार्टर, देशी की विदेशी, सकाळी उठल्याउठल्या लागते का, शेवटची कधी घेतली होती, याआधी कधी दारू तुटल्यावर फिट आली होती का, रक्ताची उलटी किंवा कावीळ झाली होती का. झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून स्वतःच आणून घेतो का, हेही. हे शेवटचं लोक हमखास विसरतात.

आणि एक काम घरी करायचंय. मामा म्हणतात दारूनेच झालं. काही जणांच्या बाबतीत हे खरं असतं. पिण्याने आलेली उदासी किंवा भास दारू सुटल्यावर काही आठवड्यांत बरेचसे ओसरतात, आणि म्हणून डॉक्टरही कधी कधी थांबून बघतात. पण तुमच्या भावाचा पहिला झटका बाविसाव्या वर्षी आला, रोजची दारू त्यानंतर तीन-चार वर्षांनी सुरू झाली. एवढ्या एका गोष्टीने मामांचं म्हणणं बरंच ढिलं पडतं. ते कागदावर आणा. तुमच्या आईकडे भिंतीवरची जुनी कॅलेंडरं असतील ना? आमच्या पिढीच्या बायका त्यावर सगळं लिहितात. दुधाचा खाडा, गॅसचा नंबर लावल्याची तारीख, आणि मध्येच कुठेतरी, "रात्री आला नाही." अशा एका माउलीने एकदा पिशवीत घालून सहा वर्षांची कॅलेंडरं आमच्या ओपीडीत आणली होती. डॉक्टरांनी हातातलं काम थांबवून ती जमिनीवर पसरून बघितली. कुठल्या महिन्यात झोप उडाली, कुठल्या महिन्यात पिणं वाढलं, कुठले दोन महिने कोरडे गेले आणि त्या कोरड्या महिन्यांत मूड कसा होता, हे सगळं त्यात होतं. औषध ठरवायला याचा जेवढा उपयोग झाला, तेवढा आमच्या आठ पानी फॉर्मचा झाला नसेल.

औषधांचं मी ढोबळ सांगते. मी डॉक्टर नाही, डोस वगैरे त्यांचं काम. पण विचारायला काय हवं हे तुम्हाला माहीत असावं. दारूची तलफ कमी करणारी औषधं आहेत आणि ती बायपोलरच्या औषधांसोबत देता येतात. बऱ्याच नातेवाइकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. नालट्रेक्सोन हे एक. प्यायल्यावर जी मजा येते ती त्याने फिकी पडते, एक पेग झाल्यावर दुसरा मागावासा वाटणं कमी होतं. लिव्हरची तपासणी करून देतात, आणि ट्रॅमाडोलसारखी अफूच्या कुळातली वेदनाशामकं चालू असतील तर देत नाहीत. तेव्हा कंबरदुखीच्या गोळ्या घेत असेल तर तेही सांगा. दुसरं अकॅम्प्रोसेट. ते किडनीवाटे बाहेर पडतं, लिव्हरवर भार टाकत नाही, पण किडनी नीट हवी आणि दिवसातून तीनदा गोळ्या घ्याव्या लागतात. विसरभोळ्या माणसाला ते जड जातं. लिव्हर फारच खराब असेल तर बॅक्लोफेनचाही विचार करतात. लिथियमसोबत व्हॅल्प्रोएट हे मूडचंच दुसरं औषध दिल्यावर अशा रुग्णांचं बेसुमार पिण्याचं प्रमाण कमी झाल्याचं २००५च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं, तेही तुमचे डॉक्टर लिव्हर बघून ठरवतील. तुम्ही फक्त एवढं विचारा : "साहेब, तलफेचं औषध इथेच सुरू करून, दोन-चार दिवस बघून, मग सोडता येईल का?" विचारायला लाजू नका. वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरांना दिवसाला चाळीस पेशंट असतात. विचारलेलं काम आधी होतं.

आता ती पावडर. आईला माझ्या वतीने हात जोडून सांगा, नको. "पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा" अशी जाहिरात बघितली की माझं डोकं फिरतं. पुडीत काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. काहींत काहीच नसतं. आणि काहींत डायसल्फिराम निघालं तर? ते औषध खरं आहे, जुनं आहे. १९४०च्या दशकात कोपनहेगनमध्ये याकोबसेन आणि हाल्ड हे दोघे संशोधक त्याची जंतांवर चाचणी करत होते. त्यांनी स्वतःच गोळ्या घेतल्या, नंतर थोडी दारू घेतली आणि चेहरा लालबुंद, धडधड, मळमळ. तिथून हे दारूचं औषध झालं. पण त्या दोघांनी ते माहीत असून घेतलं होतं. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखा दोन क्वार्टर घेणार. रक्तदाब कोसळतो, हृदयाचे ठोके बिघडतात, जीवही जातो. त्यात तुमच्या भावाला मॅनिया झालेला आहे. या औषधाने मेंदूतल्या डोपामिनचं गणित बदलतं आणि भास-भ्रम उफाळू शकतात, म्हणून अशा पेशंटला डॉक्टर ते फार जपून देतात किंवा देतच नाहीत. दिलं तरी पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने, आणि खोकल्याच्या औषधातल्या अल्कोहोलपासून सगळ्याची यादी हातात देऊन. शिवाय एक साधी गोष्ट : ज्या दिवशी त्याला भाजीतलं औषध कळेल, त्या दिवसापासून तो आईच्या हातचं जेवणार नाही, आणि लिथियमही घेणार नाही.

लिथियमवरून आठवलं, आणि हे नीट वाचा, कारण घरी हे तुम्हालाच ओळखायचंय. लिथियमची रक्तातली मात्रा एका अरुंद पट्ट्यात ठेवावी लागते. भरपूर पिऊन उलट्या झाल्या, जुलाब झाले, एप्रिल-मेच्या उन्हात पाणी कमी पडलं, किंवा कुणी अंगदुखीला डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेन दिलं, तर ती मात्रा चढते. मग काय होतं? हात जोरात थरथरतात, चाल लटपटते, जीभ जड होते, जुलाब-उलट्या होतात. म्हणजे हुबेहूब प्यायल्यासारखं दिसतं. घरचे म्हणतात, "घेऊन आला वाटतं, झोपू दे." आणि सकाळपर्यंत उशीर झालेला असतो. तोंडाला वास असो वा नसो, तो गोळ्या घेतोय आणि असा दिसतोय, तर थेट दवाखाना, आणि तिथे "लिथियम चालू आहे" हे पहिलं वाक्य. डिस्चार्जच्या आधी लिथियमची, किडनीची, थायरॉइडची तपासणी झालीय का आणि पुढची कधी, हे कार्डावर लिहून घ्या.

आता भाऊ. "मी बेवडा नाही" म्हणतोय, म्हणू दे. त्याच्याकडून तो शब्द कबूल करून घ्यायची काही गरज नाही. डोकं मॅनियातून उतरत असताना वाद घालण्यात अर्थ नसतो, पण तो रोज थोडा थोडा ताळ्यावर येतोय. कुठल्या तरी संध्याकाळी, आई नसताना, डबा उघडता उघडता विचारा : "एक विचारू? तुला दारूतून मिळतं काय?" आणि गप्प बसा. तो बहुतेक म्हणेल, "झोप लागते." किंवा, "डोक्यातली रेस थांबते." बायपोलर असलेले कितीतरी जण हेच सांगतात, आणि ते खोटं नसतं. त्यावर लगेच उपदेश सुरू करू नका. "मग इथे दहा दिवस दारूशिवाय झोप कशी लागली?" एवढंच म्हणा. दारूने आलेली झोप तुकड्यातुकड्यांची असते, पहाटे तीनला डोळे टक्क उघडतात, आणि बायपोलरमध्ये झोप बिघडली की सगळं बिघडतं. हे त्याला स्वतःच्या तोंडाने म्हणू दे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली या पद्धतीवर, म्हणजे 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग'वर, पहिल्यांदा लिहिलं, आज वॉर्डातल्या समुपदेशकांना ती शिकवतात. आपल्याकडच्या चांगल्या आत्या-मावश्या पूर्वीपासून हेच करायच्या म्हणा, फक्त त्याला नाव नव्हतं.

वॉर्डात समुपदेशक किंवा समाजसेवा अधीक्षक असेलच. "भावाशी दारूबद्दल दोन-तीन वेळा बसाल का?" असं त्यांना सरळ विचारा. फक्त बोलून काय होणार, असं मामा म्हणतील. गोव्यात 'संगथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या जास्त पिणाऱ्या पुरुषांसोबत हे करून बघितलं. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या माणसांनी घेतलेल्या मोजक्या बैठकांनंतर तीन महिन्यांनी ३६ टक्के पुरुषांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं होतं. ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्यांच्यात २६ टक्के. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. ते पुरुष तुमच्या भावाइतके आजारी नव्हते, त्यामुळे तोच आकडा त्याला लावू नका. तरी बोलणं म्हणजे वाया गेलेला वेळ, असं कुणी म्हटलं तर हे सांगा.

केंद्राचं काय? सगळी केंद्रं तुम्हाला फोनवर भेटलं तसं नसतात. पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली सुरू झालं ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, आणि ते उभं करणाऱ्या डॉ. अनिता अवचट स्वतः मानसोपचारतज्ज्ञ होत्या. वॉर्ड आणि केंद्र यांच्यात भिंत असलीच पाहिजे असा काही नियम नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थाही मानसिक आजाराच्या व्याख्येतच धरल्या आहेत. म्हणजे "हा आमचा पेशंट नाही" हे वाक्य निदान कायद्याच्या भाषेत टिकत नाही. दाखल करायची वेळ आलीच, तर जाऊन बघून या. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? लिथियमची तपासणी कुठे करतात? गोळ्या कोण देतं? घरच्यांना भेटू देतात का? राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का? "इथे आल्यावर सगळ्या गोळ्या बंद" असं कुणी अभिमानाने सांगितलं, तर चहा न घेता निघा. आणि साखळीने बांधलेला एक जरी माणूस दिसला तर निघाच. त्याला या कायद्याने सरळ बंदी आहे.

ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या आणि सोडलेल्यांच्या गटाच्या, मीटिंगला जायला तो तयार झाला तर उत्तम. तिथे कधी कधी एखादा जुना सभासद प्रेमापोटी सांगतो, "गोळ्या म्हणजे पण नशाच, सोडून दे." ए.ए.ची स्वतःची भूमिका तशी नाही. सभासदाने डॉक्टरकी करू नये, असं त्यांचंच साहित्य सांगतं. हे भावाला आधीच सांगून ठेवा. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी, म्हणजे तुमच्यासाठी आणि आईसाठी, अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगा असतात, जवळ कुठे भरते ते ए.ए.वाल्यांना विचारलं की कळतं. एकदा जाऊन या. मामांना घेऊन गेलात तर बहारच येईल.

जबरदस्तीने ठेवता येईल का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण ओळींच्या मध्ये ते दिसतंय. कायद्यात काही परिस्थितींत, म्हणजे जिवाला धोका असेल, स्वतःची काळजी घेण्याइतकंही भान नसेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे पेशंटच्या वतीने बोलणाऱ्या माणसाच्या, अर्जावर ३० दिवसांपर्यंत आधारासह दाखल करण्याची सोय आहे. ती मॅनियाच्या वेळी उपयोगी पडली असेलच. "पितो म्हणून" ती वापरायची नसते. तो ताळ्यावर आला की निर्णय त्याचा. त्याने "महिनाभर गोळ्या घेतो, केंद्र नको" एवढंच कबूल केलं तरी ते घ्या. महिन्याचा करार हा करारच असतो.

सुटायच्या दिवसाबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळं तिथेच फिसकटतं. मानसोपचार वॉर्डातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे आत्महत्येच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याचे असतात, आणि त्यात दारू मिसळली की धोका आणखी वाढतो. मॅनिया उतरल्यावर दुकानाचं किती नुकसान झालं ते त्याला पहिल्यांदा नीट दिसेल. उधारीवाले येतील. वाटून टाकलेल्या मालाचा हिशेब त्याच्यासमोर लगेच मांडू नका. त्या वह्या महिनाभर तुमच्याकडे ठेवा. तो "आपल्याला जगून काय करायचंय" असं गमतीत म्हणाला तरी गमतीत घेऊ नका, सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात येतं असं काही नसतं. घरातली शेतीची औषधं बाहेर हलवा. गोळ्या एका वेळी आठवड्याच्याच हाताशी राहतील असं बघा, बाकीच्या तुमच्या कपाटात. लिथियम जास्त घेतलं तर विष होतं. रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मराठीतही चालतो, आणि नशामुक्तीचा १४४४६. दोन्ही फ्रीजवर चिकटवा.

तो घसरेल का? बहुतेक जण एकदा तरी घसरतात. त्या रात्री भांडू नका, प्यायलेल्या माणसाशी बोलणं म्हणजे रेडिओशी बोलणं. त्या दिवशी बायपोलरच्या गोळ्यांचं काय करायचं, हे डॉक्टरांना आत्ताच विचारून कार्डाच्या मागे लिहून घ्या. बऱ्याच घरांत "आज प्यायलाय, गोळी नको" असं म्हणत म्हणत आठवडा गोळ्यांशिवाय जातो आणि पुढचा झटका येतो. आणि आठ-दहा दिवस सलग पिऊन मग घरीच एकदम बंद करायला लावू नका. तिसरी रात्र तुम्ही पाहिलीय. तेव्हा परत दाखलच करायचं.

डिस्चार्ज शनिवारी देत असतील तर सोमवारी द्या म्हणून विनंती करा, निदान ओपीडी उघडी असते. फॉलोअप तीन आठवड्यांनी लिहिला असेल तर आठवड्याच्या आतला मागून घ्या. गोळ्या हॉस्पिटलच्या मेडिकलमधूनच घेऊन निघा. गावच्या दुकानात नालट्रेक्सोन मिळेलच असं नाही, आणि "उद्या मागवतो" हा उद्या फार लांब जातो. एसटीने जाऊ नका. कुणाची तरी गाडी सांगा आणि न थांबता घरी या. वाटेत त्याला भूक लागेल, म्हणून डबा बरोबर असू द्या, म्हणजे ढाब्यावर थांबायचा प्रश्न येणार नाही.

पहिल्या फॉलोअपनंतर मला दोन ओळी लिहा. आईने कॅलेंडरं दिली का, तेही कळवा.